बेथेल कोठें आहे?

जालना शहरापासून दोन-तीन मैलांवर बेथेल या नांवाची एक जुनी ख्रिस्ती वसाहत आहे. सभोंवारचीं नांवें पाहावीं तर अंबड, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, घनसावंगी अशीं. कांहीं देशी, कांहीं मोगलाई वळणाचीं. त्यांच्यामध्यें ‘देवाचें घर’ अशा अर्थाचें हें हिब्रू नांव ऐकून नवख्या माणसाला आपण वाट चुकलों कीं काय असें क्षणभर वाटतें. जालन्यास एका स्नेह्यांकडे आम्ही उतरलों असतां तेथें एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थांची गांठ पडली. सारा जन्म शिक्षकाच्या पेशांत गेलेला, बोलणें अस्सल त्या बाजूचें. आम्हीं त्यांस सहज विचारलें, “मास्तर, पॅलेस्टाइनांतील मूळ बेथेल पाहण्याचा योग आपणांस कधीं आला काय?” ते हंसून म्हणाले, “नाहीं बुवा. आणि ऐकतों असें कीं, तें नक्की कोठें आहे यावर तिकडच्या पंडितांचें अजून एकमत व्हावयाचें आहे. आमच्या बेथेलाचा पत्ता मात्र टपालवाल्याला देखील ठाऊक आहे!”

मास्तरांनीं तें थट्टेनें म्हटलें. पण त्या थट्टेनें आमच्या डोक्यांत जो भुंगा सोडला तो आजवर गेला नाहीं. एखादें पवित्र स्थळ ‘खरें’ म्हणजे काय, तें ठरवावयाचें कशावरून, आणि तें चुकीचें ठरलें तर कोणाचें काय बिघडतें, हे प्रश्न आपल्याकडेही कांहीं थोडे नाहींत. तेव्हां पॅलेस्टाइनांतल्या बेथेलाचा शोध कसा लागला, त्यावर वाद कां माजला, आणि जालन्याचें बेथेल त्या वादांत कोठें बसतें, हें आज वाचकांपुढें मांडावें असा आमचा विचार आहे.

याकोबाची गोष्ट बहुतेकांस तोंडओळखीनें तरी ठाऊक असेल. वडील भावाचा आशीर्वाद कपटानें पदरांत पाडून घेतल्यावर त्याच्या रागाच्या भयानें याकोब बैरशेबाहून हारानाकडे पळत निघाला. वाटेंत रात्र झाली. एक धोंडा उशाशीं घेऊन तो उघड्यावर निजला. आणि पृथ्वीवर टेकलेल्या व आकाशास भिडलेल्या एका शिडीवरून देवदूत चढत-उतरत आहेत असें स्वप्न त्यास पडलें. सकाळीं त्यानें तो धोंडा उभा केला, त्यावर तेल ओतलें व त्या जागेस बेथेल असें नांव दिलें. तिचें पूर्वींचें नांव लूज. तेल घालून उभा केलेला धोंडा म्हटल्याबरोबर ज्याच्या डोळ्यांपुढें आपल्या शिवेवरचा म्हसोबा उभा राहणार नाहीं असा मराठी वाचक विरळा. पण तो विषय निराळा.

हें स्थळ मूळचें यहुदी लोकांचें खरें, परंतु ख्रिस्ती लोकांसही तें तितकेंच पूज्य वाटत आलें आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत पहिल्याच अध्यायांत येशू आपल्या शिष्यांना चढत्या-उतरत्या देवदूतांविषयीं सांगतो, तेथें याकोबाच्या शिडीचीच आठवण आहे. आणि तेव्हांपासून स्वर्ग व पृथ्वी यांच्या भेटीची जागा म्हणून बेथेल ख्रिस्ती उपदेशांत कायमचें येऊन बसलें. चौथ्या शतकाच्या आरंभीं युसेबियस या बिशपानें पवित्र शास्त्रांतील स्थळांचा एक कोश रचला. त्यांत त्यानें बेथेल हें यरुशलेमाहून नियापोलिसाकडे जाणाऱ्या मार्गावर बाराव्या मैलापाशीं आहे असें नोंदविलें. ३३३ सालीं बोर्दो शहराहून आलेला एक यात्रेकरू (त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं, पण त्यानें टिपलेले पल्ले राहिले आहेत) तोही याकोबाच्या निद्रास्थानापासून यरुशलेम बारा मैल असेंच सांगतो. पुढें जेरोम यानें युसेबियसच्या कोशाचें लॅटिन भाषांतर केलें, तेव्हां याकोब निजला त्या जागीं आतां एक देऊळ बांधलें आहे, अशी भर त्यानें स्वतःच्या पदरची घातली.

म्हणजे त्या काळीं तरी जागा ठाऊक होती. पुढें राज्यें बदललीं, यात्रेकरूंच्या वाटा बदलल्या आणि बेथेल लोकांच्या स्मृतींतून हळूहळू निसटलें. मध्यंतरीं ज्यास जेथें सोयीचें वाटलें तेथें त्यानें बेथेल दाखविलें. शोमरोनी लोकांचा तर आधींपासूनच निराळा पंथ. त्यांच्या मतें लूज व बेथेल हीं दोन्ही त्यांच्या पवित्र गरिज्जीम पर्वतावरच, यरुशलेमाच्या जवळपासही नव्हेत. आणि याकोबाच्या उशाचा धोंडा? तो म्हणे फिरत फिरत स्कॉटलंडांत गेला! तेथील राजांना ज्या शिळेवर राज्याभिषेक होत असे ती स्कोनची शिळा म्हणजेच याकोबाची उशी, अशी दंतकथा आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजानें १२९६ सालीं ती शिळा लुटून वेस्टमिन्स्टरास नेली; बरोबर सातशें वर्षांनीं, १९९६ सालीं, ती स्कॉटलंडास परत मिळाली, आणि २०२४ पासून ती पर्थ शहराच्या संग्रहालयांत आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनीं तपासलें तों ती स्कोनच्याच परिसरांतल्या वालुकाश्माची निघाली. ज्या स्कॉटिश मिशननें पुढें जालन्यास बेथेल वसविलें, त्या मिशनच्या मायदेशीं ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती, ही मौजेची गोष्ट या ठिकाणीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

बेथेलाचा शोध शास्त्रीय रीतीनें लागला तो १८३८ सालीं. एडवर्ड रॉबिन्सन हा न्यूयॉर्कचा एक प्राध्यापक, आणि त्याच्या सोबतीस बैरूतचा मिशनरी ईलाय स्मिथ. रॉबिन्सनपाशीं हिब्रू-ग्रीक ग्रंथांचें पांडित्य होतें, स्मिथला अरबी बोलीचें ज्ञान होतें. ही जोडी जमली नसती तर एकट्याच्या हातून तें काम खचित झालें नसतें. होकायंत्र आणि घड्याळ घेऊन, जनावराच्या चालीवरून अंतर मोजीत, हे दोघे गांवोगांव हिंडले. रॉबिन्सननें एक नियम आपल्यापुरता ठरवून टाकला होता. मठांतले साधू यात्रेकरूंना जें दाखवितात त्यावर, दुसरा पुरावा नसेल तर, विश्वास ठेवावयाचा नाहीं; खेड्यांतला अडाणी शेतकरी आपल्या शेताला, टेकडीला, झऱ्याला ज्या नांवानें हांक मारतो तें नांव मात्र कान देऊन ऐकावयाचें. कारण साधूला कथा सांगून कांहीं मिळवावयाचें असतें. शेतकऱ्याला आपल्या टेकडीचें नांव बदलून कांहींच मिळवावयाचें नसतें. यरुशलेमाच्या उत्तरेस सुमारें १७ किलोमीटरांवर, रामल्लाच्या पलीकडे, बैतीन नांवाचें एक खेडें त्याला आढळलें. अरबीच्या तोंडीं जुन्या नांवांतील शेवटच्या ‘एल’चें ‘ईन’ होतें, याचा दुसरा दाखला इज्रेल या नगराचा. त्याच्या जागेवरील खेड्याचें नांव झरीन. बारा रोमन मैल म्हणजे पावणेअठरा किलोमीटर. नांव जुळलें, अंतर जुळलें. बैतीन हेंच बेथेल, असें त्यानें १८४१ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहिलें, आणि पुढील सव्वाशें वर्षें बहुतेक विद्वानांनीं तें मान्य केलें.

ही रीत आपणांस परकी नाहीं. मराठवाड्यांतच तिचा एक नमुनेदार दाखला आहे. पहिल्या शतकांतल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासपुस्तकांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नांवाची मोठी पेठ असल्याचें लिहिलें आहे. हें तगर कोठलें यावर गेल्या दोन शतकांत केवढे वाद झाले! कोणी दौलताबाद म्हटलें, कोणी जुन्नर, खुद्द डॉ. भांडारकरांनीं धारूर सुचविलें. शेवटीं फ्लीट यांनीं १९०१ सालीं, तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असें दाखवून दिलें, तें नांवाच्या अपभ्रंशावरून व अंतरावरून. तेर हें पैठणापासून सुमारें ९५ मैलांवर आहे, पण तें सरळ पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. म्हणून कोणी फ्लीट यांस खोटें ठरविलें नाहीं. जुन्या लेखकाची दिशा थोडीशी ढळली तरी चालते, अंतरांत थोडी सूट द्यावी लागते, ही समजूत इतिहासकारांत आहे. बेथेलाच्या बाबतींत ती सूट द्यावयाची कीं नाहीं यावरच पुढें सारें भांडण झालें.

तथापि रॉबिन्सनचा नियम सर्वत्र चालला असें मात्र नव्हे. त्याच प्रवासांत तो यरुशलेमांतील पवित्र कबरेच्या देवळांत गेला. कॉन्स्टन्टाइन बादशहाच्या कारकीर्दींत, चौथ्या शतकांत, येशूच्या वधस्तंभाची व कबरेची जागा म्हणून जी दाखविली गेली तिच्यावर हें देऊळ उभें आहे. रॉबिन्सननें पाहिलें कीं देऊळ शहराच्या आंत आहे; आणि शास्त्रांत तर स्पष्ट लिहिलेलें कीं येशूला शहराच्या वेशीबाहेर मारलें. साधूंच्या दाव्यावर त्याचा आधींच विश्वास नव्हता. ही जागा खोटी असा निकाल त्यानें देऊन टाकला. त्याच्या मागून प्रॉटेस्टंट पंथाचे पुष्कळ लोक दुसरी जागा शोधूं लागले. १८८३ सालीं जनरल गॉर्डन (पुढें खार्टूम येथें मारला गेला तोच) यरुशलेमास राहिला असतां, उत्तरेच्या वेशीबाहेरील एका टेकडीचा कडा त्यास कवटीसारखा दिसला. गुलगुथा म्हणजे कवटीची जागा. मग काय, तीच खरी, असें त्याचें ठाम मत झालें. जवळच्या बागेंतील एका कबरेला आज हजारों भाविक भेट देतात. परंतु १९६० नंतर कॅथलीन केन्यन यांनीं केलेल्या उत्खननांत असें दिसून आलें कीं, जुन्या देवळाच्या आसपासचा भाग येशूच्या काळीं तटाबाहेर होता, व तेथें दगडाच्या खाणी होत्या. तट मागाहून पुढें सरकला. उलट बागेंतली कबर येशूच्या कित्येक शतकें आधीं खोदलेली, असें गाब्रिएल बार्काय यांनीं १९८६ सालीं दाखविलें. म्हणजे जेथें साधूंचें म्हणणें बरोबर होतें तेथें रॉबिन्सननें तें टाकलें. आम्ही त्याची योग्यता कमी करीत नाहीं; पण ‘परंपरा खोटी, शेतकरी खरा’ असें सूत्र करून ठेवलें कीं सूत्रही एखाद्या साधूइतकेंच हेकट होतें.

आतां पुन्हा बेथेलाकडे वळूं. बैतीनाच्या जमिनीखालीं काय आहे तें पाहावें म्हणून ऑल्ब्राइट या अमेरिकन संशोधकानें १९३४ सालीं मोठें उत्खनन केलें; पुढें १९५४, १९५७ व १९६० या सालीं त्याचा सहकारी केल्सो यानें तें काम पुढें चालविलें. जुनें तटबंदीचें नगर मिळालें. ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकांतील मोठ्या आगीचा राखेचा थर मिळाला. परंतु ज्या देवळांत यराबाम राजानें सोन्याचें वासरूं बसविलें, आणि ज्याची वेदी योशीया राजानें फोडून टाकली, त्या देवळाची एक शिळाही मिळाली नाहीं. अर्थात् बैतीन हें नांदतें गांव; जुन्या नगराचा बराच भाग लोकांच्या घरांखालीं आहे, आणि घरें पाडून वासराचा शोध कोण करूं देईल?

खरें संकट उभें राहिलें तें बेथेलामुळें नव्हे, शेजाऱ्यामुळें. शास्त्राप्रमाणें अब्राहामानें तंबू ठोकला तेव्हां त्याच्या पश्चिमेस बेथेल व पूर्वेस आय हें नगर होतें. पुढें यहोशवानें आय जाळून त्याचा ढिगारा केला, अशी कथा आहे. आय या शब्दाचा अर्थच ढिगारा. आणि बैतीनाच्या आग्नेयेस सुमारें तीन किलोमीटरांवर अत्‌-तल म्हणजे ‘ढिगारा’ नांवाचें एक मोठें पांढरीचें टेकाड आहे. तेव्हां तेंच आय, याविषयीं फारशी शंका राहिली नाहीं. तेथें १९३३ ते १९३५ या सालांत ज्युडिथ मार्के-क्राउझ या तरुण विदुषीनें खोदून पाहिलें, पुढें १९६४ पासून कॅलवे यांनीं पुन्हा खोदलें. आणि दोघांनाही आढळलें तें असें कीं, तेथलें मोठें नगर ख्रिस्तपूर्व २४०० च्या सुमारास नष्ट झालें, आणि त्यापुढें हजार-बाराशें वर्षें तें टेकाड ओसाड होतें. म्हणजे यहोशवा जेव्हां चाल करून आला असें मानतात तेव्हां जाळावयास तेथें कोणी नव्हतेंच! ऑल्ब्राइटनें १९३९ सालीं तोड काढली कीं, ही मूळची बेथेल जिंकल्याची हकीकत असावी, मागाहून ती शेजारच्या ढिगाऱ्याला चिकटली. पुष्कळांना ती पटली नाहीं.

१९७० सालीं डेव्हिड लिव्हिंग्स्टन या अमेरिकन गृहस्थानें या गांठीवर निराळ्याच बाजूनें सुरी चालविली. त्याचें म्हणणें असें: आय सांपडत नाहीं तें बेथेल चुकीच्या जागीं धरल्यामुळें. युसेबियसचा बारावा मैल यरुशलेमापासून रस्त्यानें मोजीत गेलें तर तो बैतीनास न येतां नैर्ऋत्येकडील अल-बीरा गांवापाशीं येतो. तेव्हां बेथेल तें. मग आय तेथून पूर्वेस दुसरीकडे शोधावें. तसा शोध त्यानें १९७९ पासून निस्या नांवाच्या एका उजाड जागीं चालविलाही. अन्सन रेनी या भाषापंडितानें १९७१ सालीं त्याच नियतकालिकांत त्यास खडखडीत उत्तर दिलें: बैतीन हें नांव वाऱ्यावरून आलें नाहीं; आणि जुन्या मैलांचा हिशेब एवढा कांटेकोर धरूं लागलें तर युसेबियसचीं निम्मीं गांवें उठवावीं लागतील. त्याशिवाय अल-बीरा हें बएरोथ या दुसऱ्या प्राचीन नगराचें स्थळ म्हणून रॉबिन्सनच्या वेळेपासून धरलें जात होतें. त्याला उठविलें तर त्याची सोय कोठें लावावयाची? एका पाहुण्याला माजघरांत घेण्यासाठीं दुसऱ्याला ओसरीवर आणि तिसऱ्याला अंगणांत, असा हा प्रकार. पुढें १९९५ पासून ब्रायंट वुड यांनीं अल-मकातीर नांवाच्या तिसऱ्याच जागीं आयाचा शोध चालविला.

आमचें मत विचाराल तर आम्ही बैतीनाच्या बाजूचे. लिव्हिंग्स्टननें अंतराची फेरतपासणी मागितली ती रास्तच होती. शंभर वर्षें कोणी साखळी घेऊन तो रस्ता मोजला नव्हता आणि एकाचें वाक्य दुसरा उतरवून घेत होता. परंतु त्याच्या युक्तिवादाचा उगम रस्त्यांत नाहीं. आयाची कथा अक्षरशः खरी ठरावी ही त्याची मूळ इच्छा. त्यासाठीं बेथेल हलविणें त्यास भाग पडलें. निकाल आधीं लिहून मग साक्षीदार बोलाविण्याची ही रीत आमच्याही ओळखीची आहे. परळीचा वैद्यनाथ खरा कीं झारखंडांतील देवघरचा, औंढ्याचा नागनाथ खरा कीं द्वारकेजवळचा नागेश्वर, याविषयीं दोन्हींकडील मंडळी स्तोत्राच्या पाठभेदांवर केवढ्या आवेशानें बोलतात! त्यांच्यापैकीं एकानेंही पुरावा पाहून आपल्या गांवच्या विरुद्ध मत दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. परळीकर परळीच्याच बाजूचा असावयाचा. त्याला आम्ही हंसत नाहीं; त्याची यात्रा, त्याच्या आजीचा नवस, त्याच्या गांवाचा पोटापाण्याचा उद्योग त्या उत्तरावर अवलंबून आहे. फक्त त्या प्रेमाला पुरावा म्हणूं नये, इतकेंच.

आतां जालन्याकडे. या बेथेलाचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्रि. मराठी वाचकांस यांच्या घराण्याची ओळख आहे, पण ती धाकट्या भावाच्या नांवानें. १८४३ सालीं मुंबईस नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. वडिलांनीं सुप्रीम कोर्टांत दाद मागितली. मुलगा अज्ञान म्हणून कोर्टानें तो बापाच्या स्वाधीन केला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत मोठी दुफळी झाली. बाळशास्त्री जांभेकरांनीं घ्यावें ही बाजू धरली आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. हें श्रीपत शेषाद्रि-प्रकरण आमच्या इतिहासांत वारंवार सांगितलें जातें, आणि योग्यच आहे. परंतु परत आलेल्या भावाची कथा सांगतांना, परत न आलेल्या भावाचें पुढें काय झालें हें विचारण्याचें आम्हीं मराठी लिहिणारांनीं सहसा मनावर घेतलें नाहीं.

काय झालें तें असें. नारायण शेषाद्रि पाळक झाले, आणि १८६० नंतर त्यांनीं निजामच्या राज्यांत जालना हें आपलें कार्यक्षेत्र केलें. जालन्यास १८२७ सालापासून लष्कराची छावणी होती, ती १९०३ पर्यंत राहिली. त्यामुळें बाहेरच्या माणसाला तेथें पाय टेकावयास जागा होती. त्यांच्याकडे आले ते मुख्यत्वेंकरून त्या काळीं अस्पृश्य गणल्या जाणाऱ्या मांग व महार समाजांतले लोक. धर्म बदलला तरी गांव तेंच, पाटील तोच, विहीर तीच. जुन्या गांवांत राहून नवें जिणें जगणें त्यांस किती अवघड गेलें असेल तें सांगावयास नको. तेव्हां शेषाद्रींनीं निजामचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळविली आणि १८७० च्या सुमारास तेथें स्वतंत्र गांव वसविलें. देऊळ बांधलें, शाळा घातली, शेती लाविली. मुसलमान दिवाणाची जमीन, ब्राह्मण कुळांत जन्मलेला संस्थापक, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा आधार, मांग-महार रहिवासी, हिब्रू नांव आणि मराठी बोली, असा हा मेळ मराठवाड्याच्या मातींत जमून आला. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस शेषाद्रि गेले ते डोईवर पागोटें घालून, देशी पोषाखांत. तेथें आपल्या या कामाची हकीकत त्यांनीं सांगितली. १८९१ सालीं ते वारले.

आतां कल्पना करावी कीं, दोन हजार वर्षें लोटलीं, जालन्याचे सारे कागद नष्ट झाले, आणि कोणी नवा रॉबिन्सन होकायंत्र घेऊन कुंडलिका नदीच्या कांठीं आला. शेतकऱ्याला त्यानें टेकाडाचें नांव विचारलें. शेतकरी म्हणाला, ‘बेथेल’. रॉबिन्सनच्या नियमाप्रमाणें पुरावा चोख! शेतकऱ्याला खोटें बोलण्याचें कारण नाहीं, नांवाचा अपभ्रंशही झालेला नाहीं. खोदून पाहिलें तर देवळाचा पाया सुद्धां सांपडेल. आणि तरीही याकोब तेथें निजला नव्हता. यावरून आम्हांस असें वाटतें कीं नांव हा पुरावा आहे, पण तो तेथें घडलेल्या गोष्टीचा नव्हे; तेथें आलेल्या माणसांचा आहे. त्या माणसांनीं बरोबर काय आणलें होतें हें तें नांव सांगतें. पैठणला दक्षिण काशी म्हणणाराला गंगा गोदावरींत येऊन मिळाली असें कधीं वाटलें नव्हतें. बैतीनाच्या पक्षाला नांवाखेरीज चौथ्या शतकांतल्या दोन साक्षीदारांनीं दिलेला पल्ला आणि जमिनीखालचें जुनें नगर यांचा आधार आहे, म्हणून तो पक्ष आम्ही धरतों. नुसत्या नांवावर धरला नसता.

आणि जालन्याच्या बेथेलाला कोणी उसनें म्हणून हिणवीत असेल तर त्यानें शास्त्रांतलीच गोष्ट पुन्हा वाचावी. याकोब पहिल्या रात्रीं तेथें निजला तेव्हां तो कोणी यात्रेकरू नव्हता. घरांतून निघालेला, अंगावर छप्पर नसलेला, पुढच्या गांवांत आपणांस कोण उभें करील याची खात्री नसलेला माणूस होता. गांवकुसाबाहेर जन्म काढलेल्या माणसांनीं प्रथमच वेशीच्या आंत घर बांधलें तेव्हां त्या गांवाला शोभणारीं नांवें बायबलांत फारशीं नाहींत.

बैतीनचें काम अजून संपलेलें नाहीं. पॅलेस्टाइनचें पुराणवस्तु खातें आणि जपानांतील केइओ विद्यापीठ यांनीं मिळून २०१२ सालीं तेथें नवें संशोधन हातीं घेतलें, तें विशेषतः गांवाबाहेरील बुर्ज बैतीन या जागीं. तेथें बायझंटाइन काळच्या देवळाचे अवशेष आहेत. जेरोमनें लिहिलेलें देऊळ तें हेंच कीं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें आहे.

जालन्याहून निघण्यापूर्वीं आम्ही मास्तरांचा निरोप घेण्यास गेलों, तेव्हां हें सारें त्यांस सांगितलें. शेवटीं लूजचा विषय निघाला. शास्ते या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायांत, योसेफाच्या वंशजांनीं बेथेल जिंकलें त्याची हकीकत आहे. नगरांत शिरावयाची वाट एका माणसानें त्यांस दाखविली, म्हणून त्यांनीं त्यास जिवंत सोडलें. तो हित्ती लोकांच्या देशांत गेला, तेथें त्यानें नवें नगर वसविलें, आणि आपल्या गेलेल्या गांवाचें लूज हेंच नांव त्यास दिलें. म्हणजे बेथेलाचें जुनें नांव घेऊन परदेशीं गेलेला पहिला माणूस खुद्द शास्त्रांतच आहे. मास्तरांनीं फळीवरून बायबल काढलें, चष्मा सांवरला आणि तो मजकूर मनांतल्या मनांत दोनदां वाचला. “कैकदां वाचलें आहे, पण इकडे लक्ष गेलें नव्हतें,” ते म्हणाले. मग एका ओळीवर बोट ठेवून थांबले. “त्याला त्याच्या सगळ्या कुटुंबासकट जाऊं दिलें, असें आहे येथें. आमच्या नारायणरावांना धाकटा भाऊ देखील बरोबर नेतां आला नाहीं.”